माहेरचा कंदील

आमच्या गल्लीत कोणी कोणाला नाही म्हणत नाही. मुळात कोणी काही विचारतच नाही, त्यामुळे नाही म्हणायची वेळ येत नाही. नवी होते तेव्हा मला ही केवढी सभ्यता वाटली होती. पुढे त्याच सभ्यतेने माझा जीव खाल्ला.

ओसाकाच्या दक्षिणेकडची ही जुन्या लाकडी जोडघरांची गल्ली. दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. मी मनसरा पुन, नेपाळची, म्याग्दीच्या डोंगरातली. इथे मान म्हणून नावापुढे ‘सान’ लावतात, म्हणून मी मन-सान. माझा नवरा टेकबहादुर स्टेशनजवळच्या एका ‘इंडियन’ हॉटेलात तंदूर सांभाळतो. त्या हॉटेलात इंडियन एकच, भिंतीवरचा ताजमहाल. मी शहराच्या नांबा भागातल्या एका हॉटेलात खोल्या आवरते. मुलगी इथेच झाली. सुनाखरी तिचं नाव. आमच्या रानात फांद्यांवर फुलतं, ते फूल. गल्लीची ती लाडकी सुना-चान.

या गल्लीत नीट राहण्यासाठी मी काय काय केलं ते माझं मला माहीत. बाटली एकीकडे, तिचं झाकण दुसरीकडे, तिच्यावरचा कागद तिसरीकडे. कचऱ्यावरची कावळ्यांची जाळी चारी बाजूंनी दाबून लावायची. दार सरकवताना आवाज करायचा नाही. कोणी डब्यातून काही दिलं तर डबा रिकामा परत करायचा नाही, हे मात्र मला कोणी शिकवायला लागलं नाही. आणि एवढं सगळं करूनही ऑगस्ट महिना आला की मला कळायचं, आपण पंगतीत आहोत पण आपल्यापुढे पान नाही.

गल्लीच्या तोंडाशी जिझो-सान आहेत. गुडघ्याएवढा दगडी देव, गळ्यात लाल लाळेरं. पोरांचा राखणदार. ऑगस्टच्या शेवटी त्यांचा सण असतो. बायका देवाला आंघोळ घालतात, नवं लाळेरं बांधतात, कलिंगड ठेवतात. देवळातला भिक्षू येऊन मंत्र म्हणतो आणि पोरं गोल बसून एक भलीमोठी जपमाळ हातोहात फिरवतात. वर बांबूला कंदील टांगलेले असतात. गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या नावाचा एक, मुलीचा लाल आणि मुलाचा पांढरा. शाळेची सहा वर्षं संपेपर्यंत तो कंदील दरवर्षी लागतो.

सुनाखरीच्या नावाचा कंदील कधीच लागला नाही.

पहिल्या वर्षी मला वाटलं, विसरले असतील. दुसऱ्या वर्षीही तेच वाटून घेतलं. तिसऱ्या वर्षी समजून चुकले की जी माणसं कचऱ्याचा वार विसरत नाहीत ती पोराचं नाव कशी विसरतील?

सगळ्यात जास्त राग यायचा तो हिसाए-सानचा. त्या आमच्या समोरच्याच. पंचाहत्तरीच्या, चित्त्याच्या ठिपक्यांचा ब्लाउज घालणाऱ्या, पूर्वी केस कापायचं दुकान होतं त्यांचं. नवरा कधीच गेला, मूलबाळ नाही. तोंडाचा पट्टा मात्र असा, की भाजीवाला त्यांना पाहूनच भाव उतरवतो. शाळा सुटल्यावर मी कामावरून येईपर्यंत सुनाखरी त्यांच्याकडेच असते. त्यांच्या हातची ऑम्लेटची गुंडाळी खाते, त्यांच्या टीव्हीपुढे लोळते, त्यांच्याच भाषेत मला उलटं बोलते. म्हणजे माझ्या पोरीला रोज खाऊ घालणारी बाई दर ऑगस्टला तिच्याच डोक्यावर बांबू बांधते, त्यावर बाकीच्यांच्या पोरांची नावं टांगते, आणि माझ्याकडे बघून म्हणते, “काय उकडतंय ना, मन-सान!” मी म्हणायची, “हो ना.” दुसरं काय म्हणणार?

या वर्षी सुनाखरी तिसरीत गेली. सणाच्या आठवडाभर आधी ती खेळून घरी आली ती टोपी टाकून सरळ पंख्यासमोर बसली. बोलेना.

“काय झालं?”

“मम्मी, आपण परत जाणार आहोत का?”

“कुठे?”

“नेपाळला. मिओ म्हणाली, ज्यांना परत जायचं असतं त्यांचा कंदील करत नाहीत. फुकट जातो.”

मिओ गल्लीतलीच, तिची मैत्रीण, आठ वर्षांची. तिच्यावर काय चिडायचं? पण माझ्या तळपायाची आग पार मस्तकात गेली. रात्रीपर्यंत मी भांडी आपटत होते. टेक संध्याकाळच्या पाळीला निघाला होता, तो चपलेत पाय घालता घालता म्हणाला, “अगं, मग विचार ना त्यांना सरळ.”

“काय विचारू? माझ्या पोरीलाही वाढा म्हणून ताट पुढे करू?”

“मग नको विचारू.”

“म्हणजे तुला काहीच वाटत नाही!”

“बाई गं,” तो म्हणाला, “मी दिवसाला दोनशे रोट्या भाजतो. मला रात्री फक्त झोपावंसं वाटतं.” आणि गेला.

तेव्हा मी ठरवलं. कोणी देत नाही ना, मग आपण आणायचा. कंदील काय, कागद आणि बांबूच्या काड्या.

सुट्टीच्या दिवशी देवळाजवळच्या कंदीलवाल्याकडे गेले. म्हातारा दुकानात एकटाच बसून ब्रश धूत होता. मी नाव सांगितलं, ते त्याने दोनदा म्हणून पाहिलं, मग विचारलं, “कोणाकडून आहे?”

“माझ्याकडून. मी तिची आई.”

त्याचा हात थांबला. “तुम्ही स्वतः?”

“मी स्वतः,” मी जरा ठसक्यातच म्हणाले. म्हटलं, आता हा पण कपाळाला आठ्या घालणार. पण त्याने मान खाली घातली, उठून उभा राहिला आणि कमरेत वाकला. कंदील इतक्या जपून कागदात बांधून दिला की मला स्वतःचीच लाज वाटली. चांगला माणूस आहे, म्हटलं. अशीही माणसं आहेत इथे.

सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, बायका जिझो-सानपाशी जमल्या होत्या. या वर्षी देवाची पाळी हिसाए-सानची, त्यामुळे हुकूम त्यांचेच चालले होते. आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या सेत्सु-सान शिडीवर चढून दोरी बांधत होत्या.

“अगं डावीकडे! तुझं डावं कुठलं ते तरी ठाऊक आहे का?” हिसाए-सान खालून ओरडत होत्या.

“तूच चढ ना मग वर!”

“मी चढले असते, पण शिडी मोडली तर दोष शिडीला देतील का मला?”

बायका हसत होत्या. मी कंदील घेऊन गेले. अंगावर चांगला कुर्ता घातला होता आणि भांडणाची चार वाक्यं घोकून ठेवली होती. इथल्या भाषेत भांडायचं तर आधी घोकावं लागतं.

“हिसाए-सान,” मी म्हणाले, “हा माझ्या मुलीचा कंदील. मीच आणलाय.”

हसणं एकदम थांबलं. सेत्सु-सान शिडीवरून खाली उतरल्या. हिसाए-सानचं तोंड, जे झोपेतही मिटत नसेल असा माझा समज होता, ते मिटलं. त्यांनी हात पुसले, ओले होते म्हणून पुन्हा एकदा पुसले, आणि दोन्ही हातांनी कंदील घेतला.

“तुम्ही स्वतः आणलात,” त्या म्हणाल्या.

“हो. दुसरं कोण आणणार?”

“खरंय,” त्या हळूच म्हणाल्या. “खरंय. आम्हाला काहीच कळलं नाही. माफ करा.”

मला तेव्हाच संशय यायला हवा होता. गेली कित्येक वर्षं मला ‘अगं मन-सान’ म्हणणारी बाई ‘अहो-जाहो’ करत होती. पण मी विजयाच्या धुंदीत होते. त्यांनी स्वतः कंदील वर बांधायला दिला, मधोमध. सगळ्या बायकांनी त्याच्याकडे बघून हात जोडले. माझी घोकलेली चार वाक्यं तशीच राहिली. एवढं सोपं होतं तर मी इतकी वर्षं कशाला कुढत बसले, असं मनात म्हणत मी घरी आले आणि सुनाखरीला खिडकीतून दाखवलं. तिने आपलं नाव मोठ्याने वाचलं, मग मिओच्या घरापर्यंत ऐकू जाईल असं पुन्हा वाचलं.

तासाभराने दाराची घंटा वाजली. सेत्सु-सान. हातात पांढऱ्या शेवंतीचा जुडगा आणि उदबत्तीचा खोका. मागे हिसाए-सान, ठिपक्यांचा ब्लाउज काढून काळा पोशाख घातलेला. असं त्यांना मी कधीच पाहिलं नव्हतं. दोघी आत येऊन गुडघ्यांवर बसल्या आणि कपाळ चटईला टेकेपर्यंत वाकल्या. टेक नुकताच उठून चहा पीत होता. त्यानेही पेला ठेवून वाकून घेतलं, कशासाठी ते न कळता. इथे राहून आम्हाला ती सवय लागली आहे.

“फार वाईट झालं,” सेत्सु-सान म्हणाल्या. “वय काय होतं?”

“कोणाचं?”

“तुमच्या आईचं.”

“पंचाहत्तर,” मी म्हणाले.

“माझ्याच वयाच्या,” हिसाए-सान म्हणाल्या आणि डोळ्यांना रुमाल लावला. “आजारी होत्या का?”

“गुडघे धरतात थंडीत. बाकी ठणठणीत.”

“असंच असतं,” सेत्सु-सानने उसासा टाकला. “ठणठणीत माणसंच पटकन जातात. दरड कोसळली का? परवा बातम्यांत नेपाळचं दाखवत होते, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.”

“सेत्सु, असं विचारतात का?” हिसाए-सानने त्यांना कोपर मारलं. “आणि भाऊसुद्धा त्यातच?”

आता मी किंचाळलेच. “भावाला काय झालं? तो तर कतारमध्ये आहे! कालच त्याने उंटाचा फोटो पाठवलाय!”

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्याकडे. टेक म्हणाला, “जरा थांबा. मेलंय कोण?”

मग उलगडा झाला. या गल्लीची रीत अशी, की बाळाचा कंदील बाळाच्या आईच्या माहेरून येतो. आजीने तो आपल्या हातांनी आणायचा. आजी नसेल तर मामाने, मावशीने, माहेरच्या कोणीही. आणि माहेरी दिवा लावायलाही कोणी उरलं नसेल, तरच आई स्वतः कंदील घेऊन येते. तसं झालं की गल्ली काही न बोलता समजून घेते. दुसऱ्यांचे कंदील कोण आणतं हे मी कधी बघितलंच नव्हतं. कामावरून परत येईपर्यंत ते टांगलेले असायचे.

म्हणजे मी सकाळी चांगला कुर्ता घालून, मान ताठ करून, भर गल्लीत माझं सगळं माहेर मारून आले होते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो असा.

“पण मला कोणी सांगितलं का नाही?” मी ओरडलेच. “इतकी वर्षं! माझी पोरगी दर वर्षी त्या कंदिलांखाली उभी राहते आणि आपलं नाव शोधते. मला वाटत होतं तुम्ही आम्हाला परकं समजता म्हणून लावत नाही!”

“काय सांगायचं होतं?” हिसाए-सानचाही आवाज चढला. ‘तुम्ही’ गेलं, जुनं ‘तू’ परत आलं. “‘का गं, तुझ्या आईने नातीला काहीच पाठवलं नाही का?’ असं विचारायचं? लेकीला तिच्या माहेरावरून कोणी असं विचारतं? आम्हाला वाटायचं, येईल कधीतरी तुझी आई. विमानाला पैसे पडतात, गुडघे दुखत असतील. दर वर्षी मी सेत्सुला म्हणायची, या वर्षी नक्की येईल बघ.”

“म्हणायची,” सेत्सु-सानने मान हलवली.

“मग तुम्हीच का नाही दिलात? रोज जेवायला घालता तिला!”

“मी दिला असता तर तुझं माहेर मेलं असं मीच जाहीर केल्यासारखं नसतं का झालं? मला काय हौस होती?” मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “आणि परकी तर तू आहेसच. त्यात चिडण्यासारखं काय आहे? मी शिकोकूची. लग्न होऊन पन्नास वर्षांमागे इथे आले. ही सेत्सु अजून माझ्या हातची आमटी प्यायली की म्हणते, ‘तुमच्या बेटावरची चव.’”

“चव वेगळीच आहे ती,” सेत्सु-सान म्हणाल्या.

मला हसू येत होतं आणि रडूही. एवढी वर्षं मी ज्याला अपमान समजून गिळत होते, ती त्यांनी माझी झाकलेली मूठ होती. त्यांनी माझं जपलं होतं आणि मी त्यांचा राग राग करत होते. पण हे सगळं खरं असलं तरी माझ्या पोरीला दर वर्षी रडवलं होतं तेही खरंच. हे दोन्ही एकाच वेळी कुठे ठेवायचं ते मला कळेना.

हिसाए-सान उठल्या. “चल सेत्सु, शिडी धर. कंदील उतरवायला हवा.”

“राहू दे की,” सेत्सु-सान म्हणाल्या. “लागलाय तर लागलाय. कोणाला काय कळतंय?”

“जिझो-सानना कळतं. जिवंत बाईला मेलेली म्हणणारा कंदील पेटवायचा? उद्या तिच्या आईला काही झालं तर तू जबाबदार का मी?”

“माहेरचं दुसरं कोणी नाही का इथे, जपानात?” सेत्सु-सानने मला विचारलं.

टेकची चुलतबहीण नागोयाला आहे, पण ती सासरची. ती चालणार नव्हती. मी मान हलवली.

खोलीच्या दारात सुनाखरी उभी होती. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे. “म्हणजे माझा काढणार?” तिने विचारलं. हिसाए-सानने पर्समधून गोळी काढून तिच्यापुढे धरली. पोरीने घेतली नाही. तिने त्यांची गोळी नाकारलेली मी पहिल्यांदाच पाहिली, आणि हिसाए-सानचा हात तसाच पुढे राहिला.

मी फोन उचलला आणि आमाला, माझ्या आईला, लावला.

तिकडे सकाळ होती. आमा अंगणात मका सोलत बसली होती. पडद्यावर आधी तिचा कान दिसला, मग म्हशीची शेपटी, मग ती. मी घडलं ते सांगितलं. मध्ये ती एक शब्द बोलली नाही, यावरूनच मी ओळखलं की आता फुटणार.

“मी इथे बसून मका सोलतेय,” आमा म्हणाली, “आणि तू तिकडे माझा तेरावा घालून आलीस?”

“आमा, मला माहीत नव्हतं…”

“आणि नातीला द्यायचं असतं हे मला का नाही कळवलंस? मी काय इतकी दरिद्री आहे? एक म्हैस विकली असती!”

“मलाच आज कळलं!”

“दहा वर्षं शेजारी राहतेस आणि आज कळलं? तोंड कशाला दिलंय देवाने? नवऱ्याला बोलायला तेवढं आहे!”

टेकने चहाचा पेला तोंडापुढे धरला. हिसाए-सान माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. भाषा कळत नव्हती, पण कोण कोणाला झोडपतंय हे कुठल्याही भाषेत कळतं. “चांगली खमकी आहे की तुझी आई,” त्या म्हणाल्या. “मेली नाही ते बरं झालं.”

“ती म्हातारी कोण?” आमाने विचारलं.

“हिसाए-सान. सुनाला रोज सांभाळतात त्या.”

“तीच का? नीट दाखव तोंड.” मी फोन फिरवला. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. “कुठल्या वर्षाची आहे विचार.”

आमच्या डोंगरात बारा जनावरांची वर्षं असतात. इथेही असतात. मी विचारलं.

“बैलाच्या,” हिसाए-सान म्हणाल्या.

“मी पण बैलाच्या,” आमा म्हणाली. मग मक्याचं कणीस खाली ठेवून ती सावरून बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला. “मनसरा, तिला विचार, माझी मितिनी होते का.”

मितिनी म्हणजे मैत्रीण नव्हे. आमच्याकडे दोन बायका टिळा लावून मितिनी होतात, आणि मग त्या जन्मभर बहिणीच. त्यांची पोरं एकमेकांची भावंडं होतात, त्यांच्यात सोयरिक होत नाही. एकीचं घर ते दुसरीच्या लेकीचं माहेर. हे मी माझ्या मोडक्या भाषेत जमेल तसं सांगितलं.

“बहीण?” हिसाए-सान म्हणाल्या. “फोनवर?”

“तिला सांग, नियम आहेत,” आमा म्हणाली. “मी तिचं नाव घेणार नाही, तिने माझं घ्यायचं नाही. मितिनी म्हणायचं. आणि भांडायचं नाही.”

“भांडायचं नाही?” हिसाए-सानने सेत्सु-सानकडे बघितलं. “हे जरा जड जाईल.”

“ओसाकात राहून? अशक्य,” सेत्सु-सान म्हणाल्या.

“आणि ती गेली तर मी सुतक पाळायचं,” आमा पुढे म्हणाली, “मी गेले तर तिने. तेवढं नीट समजावून सांग. पुढे कटकट नको.”

मी सांगितलं. हिसाए-सानच्या ओठांवर काहीतरी थट्टा आली होती, ती तिथेच थांबली. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं.

“म्हणजे मी गेले तर,” त्या सावकाश म्हणाल्या, “तिकडे त्या डोंगरात कोणीतरी माझं सुतक पाळेल? मला कधी न भेटता?”

“हो.”

“माझं सुतक?”

सेत्सु-सान खाली बघत होत्या. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. हिसाए-सानने आपल्या अस्थींची सोय देवळात आधीच करून ठेवली आहे, भिक्षूला पैसेसुद्धा देऊन झाले आहेत. रडायला कोणी नाही, म्हणून त्या स्वतःच त्यावर विनोद करायच्या. म्हणायच्या, माझ्या मयताला भाजीवाला येईल, खात्री करून घ्यायला.

“ती काय म्हणते?” तिकडून आमा ओरडली. “होते का नाही? माझी म्हैस सुटेल इकडे!”

हिसाए-सान गुडघ्यांवर बसल्या, काळा पोशाख सारखा केला आणि फोनसमोर वाकल्या. “सांग तुझ्या आईला,” त्या मला म्हणाल्या, “मी तापट आहे. घोरते. पण होते.”

आमाने वाटी आणवली. दही, तांदूळ, लाल अबीर कालवला आणि चिमूट उचलून सरळ फोनच्या काचेला लावली. आमचा सगळा पडदा लाल झाला. हिसाए-सानने डोळे मिटून कपाळ त्या लाल काचेला टेकवलं. मग मी आमाच्या वतीने खरा टिळा लावला. घरात दही नव्हतं, भातात लिपस्टिक कालवली. टेक म्हणाला, “देव हसेल.” मी म्हटलं, “हसू दे.”

मग पुढचं सगळं हिसाए-सानने गल्लीच्या रीतीनेच केलं. शिडी लावून कंदील उतरवला. तो घेऊन त्या आपल्या घरात गेल्या, दार लावलं. आम्ही बाहेर उन्हात उभे. बराच वेळ दार उघडेना. मग त्या बाहेर आल्या. काळा पोशाख गेला होता, अंगावर पुन्हा ठिपक्यांचा ब्लाउज होता, कपाळावर टिळा, आणि दोन्ही हातांत कंदील. चार पावलांची गल्ली त्यांनी अशी ओलांडली, जणू लांबून कुठून तरी चालत येत आहेत.

“हा तोच कंदील आहे,” सेत्सु-सान पुटपुटल्या.

“मघाचा माहेर नसलेल्या पोरीचा होता. हा माहेरून आलाय,” हिसाए-सान म्हणाल्या. “तुला फरक दिसत नसेल तर डोळे तपासून घे. जिझो-सान, ही सुनाखरी. माझ्या मितिनीची नात. म्हणजे माझी.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंदील पेटले. भिक्षू आला, पोरं गोल बसली. सुनाखरी मिओच्या शेजारीच बसली होती आणि माळेचा मोठा मणी हातात आला की वर आपल्या नावाकडे बघून घेत होती. मणी पुढे द्यायला ती विसरायची आणि मिओ तिला ढोसायची. मी पलीकडच्या भिंतीला टेकून बघत होते आणि खुशाल रडत होते. कोणी माझ्याकडे बघितलं नाही. ही मात्र या गल्लीची चांगली गोष्ट आहे.

हिसाए-सान कलिंगडाची फोड खात माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

“मन-सान, सुतक पाळतात म्हणजे नक्की काय करतात तुमच्याकडे?”

“मीठ सोडतात काही दिवस. अळणी जेवायचं. आणि गार पाण्याने आंघोळ, पहाटे.”

त्यांनी बिया हातात काढल्या.

“तुमच्याकडे थंडी फार असते ना?”

“बर्फ पडतं.”

“मग मी हिवाळ्यात नाही जाणार,” त्या म्हणाल्या. “मितिनीचे गुडघे दुखतात.”